ध्वनिप्रतिमादर्शन, औद्योगिक

यंत्रे, वायुवाहक नळ, विद्युत् साधने इत्यादींतून बाहेर पडणारा ध्वनी अनेक ध्वनिग्राहकांनी एकाच वेळी टिपून तो कोठून येतो हे चित्ररूपाने दाखविण्याच्या तंत्रास ध्वनिप्रतिमादर्शन म्हणतात. उपकरणात एक साधा कॅमेराही असतो व त्याने घेतलेल्या दृश्यावर ध्वनीच्या तीव्रतेचा रंगीत नकाशा बसविला जातो. श्राव्यातीत तरंग धातूत सोडून आतील चीर शोधण्याचे तंत्र याहून वेगळे आहे [→ श्राव्यातीत ध्वनिकी]. येथे ध्वनी सदोष भाग स्वतःच करतो. उपकरण केवळ ऐकते.

आवाजावरून बिघाड ओळखण्याची रीत जुनी आहे. पेचकसाचे टोक यंत्राच्या कवचाला टेकवून त्याची मूठ कानाशी धरणारा कारागीर आजही आढळतो व त्याचे निदान पुष्कळदा बरोबर असते. परंतु सु. २० किलोहर्ट्‌झपेक्षा अधिक कंप्रतेचा ध्वनी मानवी कानास ऐकू येत नाही आणि गजबजलेल्या कारखान्यात एखादा बारीक आवाज कोठला हे सांगणेही कठीण जाते. पहिल्या महायुद्धात विल्यम लॉरेन्स ब्रॅग व त्यांचे सहकारी यांनी शत्रूच्या तोफांची स्थाने शोधण्यासाठी, दूरदूर ठेवलेल्या ध्वनिग्राहकांपर्यंत आवाज पोहोचण्याच्या वेळांतील फरकाचा उपयोग केला. जे. बिलिंग्झली व आर. किन्स यांनी १९७६ मध्ये झोत एंजिनाच्या आवाजाचे उगम शोधणाऱ्या ‘ध्वनी दूरदर्शका’चे वर्णन प्रसिद्ध केले. सिलिकॉनवर घडविलेले सूक्ष्म ध्वनिग्राहक स्वस्त झाल्यानंतर, एकविसाव्या शतकात, हातात धरता येण्याजोगी उपकरणे प्रचारात आली.

तत्त्व : २०° से. तापमानाच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सु. ३४३ मी. असतो. दोन ध्वनिग्राहकांमध्ये १० सेंमी. अंतर असून ध्वनी समोरच्या दिशेशी ३०° कोन करून येत असल्यास एकाकडे तो दुसऱ्यापेक्षा ५ सेंमी. अधिक मार्ग चालून, म्हणजे सु. ०·१५ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. ज्याकडे तो आधी पोहोचतो त्याचा संकेत तेवढाच थोपवून धरला व दोहोंची बेरीज केली, तर त्या दिशेचा ध्वनी बळावतो, इतर दिशांचा तितका बळावत नाही. संगणक दृश्यातील प्रत्येक बिंदूसाठी ही बेरीज करतो. ध्वनिग्राहक ६४ असल्यास त्यांच्यातील परस्पर असंबद्ध गोंगाटाच्या तुलनेत इष्ट ध्वनी सु. १८ डेसिबेलने वर येतो. ध्वनिग्राहक समान अंतरावर मांडल्यास, अंतर अर्ध्या तरंगलांबीहून मोठे होताच, चित्रात खोटे उगम उमटू लागतात. म्हणून त्यांची मांडणी बहुधा सर्पिल किंवा अनियमित असते.

उपयोग : संपीडित हवेची गळती शोधणे हा सर्वांत रूढ उपयोग होय. छिद्रातून वेगाने सुटणाऱ्या हवेत संक्षोभ निर्माण होऊन श्राव्य मर्यादेपलीकडे पसरलेला फूत्कार उमटतो. यंत्रांचा गोंगाट मुख्यतः कमी कंप्रतांचा असल्याने ४० किलोहर्ट्‌झच्या आसपास तो फूत्कार वेगळा काढता येतो. ७ बार दाबाखालील नळाला ३ मिमी. व्यासाचे छिद्र असल्यास त्यातून सेकंदाला सु. १० लिटर हवा जाते आणि ती भरून काढण्यास संपीडकाला ३ ते ४ किलोवॉट शक्ती लागते. गळकी हवा दिसत नाही, वास येत नाही व जमीन ओली करीत नाही. पाण्याच्या गळतीसारखी तिची तक्रार कोणी करीत नाही.

उच्च दाबाच्या विद्युत् वाहिन्या व उपकेंद्रे यांत मलिन किंवा तडकलेल्या निरोधकांवर होणारे आंशिक विसर्जन सुरक्षित अंतरावरून शोधता येते. ५० हर्ट्‌झ प्रवाहात असा चटचटाट बहुधा सेकंदाला १०० वेळा बळावतो आणि या लयीवरून तो हवेच्या गळतीहून वेगळा ओळखता येतो. मात्र घन निरोधकाच्या आतील पोकळीत होणारे विसर्जन हवेतून सहसा ऐकू येत नाही. झिजलेल्या धारव्यांसाठी, म्हणजे बेअरिंगांसाठी, कवचावर बसविलेला कंपनमापक अधिक भरवशाचा ठरतो.

मर्यादा : प्रतिमेची स्पष्टता तरंगलांबी व ध्वनिग्राहक-समूहाचा व्यास यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. २० सेंमी. व्यासाच्या समूहाने ३० किलोहर्ट्‌झचे दोन उगम ३ मी. अंतरावरून पाहिल्यास ते परस्परांपासून सु. २० सेंमी. दूर असल्याशिवाय वेगळे दिसत नाहीत. १ किलोहर्ट्‌झ ध्वनीची तरंगलांबी ३४ सेंमी., म्हणजे समूहाहूनही मोठी असल्याने चित्रात केवळ एक मोठा डाग उमटतो. ध्वनिग्राहक पृष्ठभागालगत आणून ही मर्यादा ओलांडण्याची ध्वनी होलोग्राफी पद्धती ई. जी. विल्यम्स व जे. डी. मेनार्ड यांनी १९८० मध्ये मांडली.

याहून फसवे असते ते परावर्तन. पत्र्याची भिंत आरशाप्रमाणे ध्वनी परतवते आणि निर्दोष भिंतीवर गळतीचा डाग दिसतो. निरीक्षकाने जागा बदलल्यास खरा डाग आपल्या सांध्याला चिकटून राहतो, परावर्तित डाग भिंतीवर सरकतो. डागाच्या रंगावरून गळतीचे प्रमाण ठरविणेही केवळ अंदाजाचे असते, कारण अंतर, दाब व छिद्राचा आकार या सर्वांचा त्यावर परिणाम होतो. ४० किलोहर्ट्‌झचा ध्वनी तर हवेतच दर मीटरला सु. १ डेसिबेलने शोषला जातो. अल्प दाबाखालून संथपणे झिरपणारा वायू जवळजवळ निःशब्द असल्याने चित्रात दिसत नाही. म्हणून विषारी व ज्वालाग्राही वायूंच्या नळांची तपासणी वायुसंवेदक किंवा साबणाचे द्रावण वापरून वेगळी करावी लागते.