बाळ गुटगुटीत दिसले तरी तपासणी चुकवू नका



गरोदरपणी रक्त तपासले, एच.आय.व्ही. निघाला, गोळ्या सुरू झाल्या. इथवर बहुतेक जणी येतात. मग बाई बाळंतपणाला माहेरी जाते. आपल्याकडे कुणाचे माहेर इंडीला, कुणाचे आळंदला. म्हणजे राज्यच बदलले. बाटलीतल्या गोळ्या संपतात, माहेरी सांगायचे कसे म्हणून बाई गप्प बसते. उपचार तुटतो तो इथेच.

निघण्यापूर्वी आपल्या ए.आर.टी. केंद्रातून बदलीचे पत्र घ्या. कर्नाटकातल्या केंद्रातही गोळ्या मोफतच मिळतात.

उपचाराविना शंभरातील १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होते. गोळ्या नियमित घेतल्यास पाचांहून कमी.

बाळाला जन्मताच औषध सुरू होते, ते किमान सहा आठवडे द्यायचे. सहाव्या आठवड्याला टाचेतून रक्ताचे थेंब घेतात. पुन्हा सहाव्या व बाराव्या महिन्यात, आणि शेवटची तपासणी अठराव्या महिन्यात. सासूबाई म्हणतात, "चांगलं खेळतंय की लेकरू, कशाला टोचायचं?" पण लागण झालेले बाळसुद्धा सुरुवातीला असेच खेळते!

घरधन्यांनो, एका खेपेला दिवसाचा रोजगार बुडतो, खरे आहे. पण बायको एकटी लपतछपत जाते तेव्हाच खेप चुकते. सोबत जा. स्वतःचेही रक्त तपासा, निरोध वापरा, पुढचे मूल डॉक्टरांना विचारूनच.

गावात बोभाटा होईल ही धास्ती असते. २०१७ च्या कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणे दवाखान्यावर बंधनकारक आहे. शंका असल्यास १०९७ वर फोन करा. पैसे पडत नाहीत.