शनिवारी घाणा बंद!

बालमित्रांनो, रविवारी शाळा भरते असा एक देश आहे, आणि तिथं मराठी बोलणारी माणसंही राहतात! तो देश इस्रायल.

आपल्या कोकणातले बेने इस्रायली ज्यू तेलाचे घाणे चालवीत. शनिवार त्यांचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद! म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. १९४८ साली इस्रायल देश स्थापन झाला आणि पुढं त्यांतले बरेचजण तिकडं गेले. तिथं शनिवारी सगळ्यांनाच सुट्टी! कोकणात वेगळी दिसणारी सवय तिथं चारचौघांसारखी झाली. बाजारात, शाळेत मात्र हिब्रू बोलावी लागली. तरी शुभकार्यात पोहे, ओलं खोबरं, साखर अन्‌ फळांचा मलिदा अजून होतो. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही तिथं निघालं.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यातली मुलंही आता परदेशी जातात. तिकडं रांगेत उभं राहायची सवय लागते, रोजची भाकरी सुटते. ती घरी आली की "साहेब झाला गड्या!" म्हणून चिडवू नका. विचारा, "तिकडं काय शिकलास? इथलं काय जपलंस?"

आणि पालकहो, ताटातली भाकरी सुटली तरी चालेल. पण नातवंडांना आजीची बोली कळेनाशी झाली, तर आजीनं गोष्ट सांगायची कुणाला?