रीमॅप करावा का? वाढीव ताकदीबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

2016 साली भारतात आलेल्या स्कोडा सुपर्बच्या माहितीपत्रकात एक कोडं होतं. इंजिन तेच, 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल, अश्वशक्तीही दोन्हीकडे 180. पण मॅन्युअल गाडीचा टॉर्क 320 न्यूटन मीटर आणि ऑटोमॅटिकचा 250. मधले सत्तर गेले कुठे? ऑटोमॅटिकमध्ये सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स होता. कंपनीच्या भाषेत डीक्यू200. तो 250 न्यूटन मीटरपर्यंतचा टॉर्क पेलण्यासाठी बनवलेला आहे. म्हणून इंजिनाच्या संगणकात, म्हणजे ईसीयूमध्ये, टॉर्कला तिथेच लगाम घातला होता.

गाडी ट्यून करून घ्यावी का, म्हणजे ईसीयूमधलं सॉफ्टवेअर बदलून रीमॅप करावा का, असं कोणी विचारलं की मी आधी हे उदाहरण सांगतो. "कंपनी मुद्दाम ताकद दाबून ठेवते, रीमॅप केला की ती मोकळी होते," हे गॅरेजमध्ये ठासून सांगितलं जातं आणि त्यातला पहिला भाग खराच आहे. राखीव ताकद असते. पण ती कशासाठी राखलेली असते, हे कोणी सांगत नाही. नागपूरच्या मे महिन्यात, पाच माणसं आणि एसी घेऊन, कुठल्याशा पंपावरचं बेताचं पेट्रोल पिऊन, सर्व्हिसिंग दोन महिने लांबलेलं असतानाही ती गाडी चालली पाहिजे, आणि पुढची दहा वर्षं चालली पाहिजे. राखीव ताकद म्हणजे घरातलं अडीअडचणीचं धान्य. रीमॅप करणारा ते कोठीतून काढून तुमच्या ताटात वाढतो. नवीन काही पिकवत नाही.

आता, टर्बो इंजिनात हे वाढप खरोखर होतं, हेही मान्य करायला हवं. टर्बोचा दाब थोडा वाढवला, त्या प्रमाणात इंधन वाढवलं, ठिणगीची वेळ थोडी पुढे आणली, की कुठलाही सुटा भाग न बदलता साधारण 20 ते 30 टक्के टॉर्क वाढू शकतो. यालाच बाजारात 'स्टेज 1' म्हणतात. गाडी चालवताना फरक पहिल्या ओव्हरटेकलाच कळतो, तो मनाचा खेळ नसतो.

बिनटर्बोच्या इंजिनात मात्र चित्र उलटं आहे. तिथे हवा आत ढकलणारं कोणी नाही, पिस्टन खाली जाताना जेवढी ओढेल तेवढीच. होंडाच्या एस2000 या दोन लिटरच्या स्पोर्ट्स कारमध्ये 1999 सालीच 240 ते 250 अश्वशक्ती होती, तीही टर्बोशिवाय. अशा इंजिनात ईसीयूवाल्यासाठी शिल्लक काय उरणार? आपल्याकडच्या जुन्या, 106 अश्वशक्तीच्या होंडा सिटी व्हीटेकचे चाहते अजून भेटतात. त्या गाडीवर मनापासून प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन, की नुसत्या मॅपमधून चार-पाच टक्के मिळाले तरी नशीब समजा. तेवढा फरक तर टाकी रिकामी आणि डिकी मोकळी ठेवूनही जाणवतो.

खरी गुंतागुंत आजच्या गाड्यांची आहे. फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया यांच्या 1.5 लिटर टर्बो इंजिनाचा टॉर्क 250 न्यूटन मीटर आहे आणि ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्स तोच डीक्यू200. म्हणजे कारखान्यातून निघतानाच गाडी मर्यादेच्या रेषेवर उभी आहे. त्यावर 20 टक्के चढवले की टॉर्क 300 होतो. 251 व्या न्यूटन मीटरला क्लच तुटून पडत नाही, हे खरं. पण कोरडा क्लच तेलात बुडालेला नसतो, त्याची उष्णता हवेलाच काढून न्यावी लागते. चांदणी चौकात किंवा घोडबंदर रोडवर तासभर सरपटणाऱ्या गाडीत त्या क्लचवर आधीच ताण असतो. ओल्या क्लचच्या गिअरबॉक्सला किंवा मॅन्युअलला थोडी जास्त सवलत असते, पण कुठल्याही गाडीत सर्वांत दुबळी कडी कोणती, हे शोधल्याशिवाय ट्यूनरला ॲडव्हान्स देऊ नये.

दुसरी काळजी इंजिनाच्या आतली. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या लहान टर्बो इंजिनांत, कमी आरपीएमला भरपूर दाब दिला तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. ऐकू येते ती एखादी 'टक्', आणि पिस्टनला तडा गेलेला असू शकतो. दीड हजार आरपीएमपासूनच खच्चून टॉर्क, अशी जाहिरात वाचली की म्हणून मला धास्ती वाटते. जाणता ट्यूनर खालचा टॉर्क जपून वाढवतो आणि ताकद वरच्या आरपीएमला देतो.

"शंभर ऑक्टेन भरलं की गाडी पळते" हा समज 2020 च्या डिसेंबरमध्ये इंडियन ऑइलचं एक्सपी100 आल्यापासून जोरात आहे. ऑक्टेन हे इंधनातल्या ऊर्जेचं माप नाही. दाबाखाली इंधन अवेळी पेटायला किती विरोध करतं, त्याचं ते माप आहे. त्या विरोधाचा फायदा घेणारा मॅपच गाडीत नसेल, तर महागडं पेट्रोल साध्यासारखंच जळतं. उलट बाजूही लक्षात ठेवा. उच्च ऑक्टेनवर बेतलेला मॅप टाकून घेतला, आणि सावंतवाडीच्या पुढे ते पेट्रोल मिळालं नाही, तर नॉक सेन्सर ठिणगी मागे घेतो आणि पैसे देऊन घेतलेली ताकद परत जाते. इथेनॉलचं ऑक्टेन चांगलं असतं, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. ई20 साठी, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी, मॅपमध्ये इंधनाचा हिशेब केला आहे का, हे ट्यूनरला स्पष्ट विचारा.

मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरबद्दल फार लिहीत नाही. मागचा मफलर बदलून आवाज वाढतो, ताकद जवळपास नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं हा तर इतरांच्या फुप्फुसांवरचा अन्याय आहे. तो काढलेली बीएस6 गाडी बीएस6 राहत नाही.

थंड हवेचा इनटेक मात्र महाराष्ट्रात वेगळ्याच कारणाने धोक्याचा. त्याचं तोंड बऱ्याचदा बंपरच्या खाली, रस्त्याजवळ आणलेलं असतं. जुलैमध्ये हिंदमाता किंवा मिलन सबवेला पाणी साचलं की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन संरक्षणाचं वेगळं कवच घेतलेलं नसेल, तर विमा कंपनी हे नुकसान सहसा देत नाही.

"वॉरंटीच्या वेळी मूळ मॅप परत टाकू, कोणाला कळतंय?" कळतं. ईसीयूमध्ये किती वेळा नवं सॉफ्टवेअर चढलं याची नोंद राहते आणि फोक्सवॅगन समूहात तर ट्यून केलेल्या गाडीला 'टीडी1' ही खूण लागते. ती एकदा लागली, की इंजिन-गिअरबॉक्सच्या दाव्याला कंपनी नाही म्हणू शकते. कायदाही माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

मग माझं मत? बिनटर्बोच्या गाडीवर हा खर्च करू नका. वॉरंटीतल्या, कोरड्या क्लचच्या ऑटोमॅटिकवरही नको. वॉरंटी संपलेली, तब्येतीने ठणठणीत, मॅन्युअल किंवा ओल्या क्लचची टर्बो गाडी असेल आणि ती बंद ट्रॅकवर न्यायची असेल, तर विचार करा. तेव्हाही एकाच डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, एकाच दिवशी, आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आलेख मागा. वेगवेगळ्या डायनोंवरचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

आणि त्याआधी एकदा पार्किंगमध्ये जाऊन टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. तुमच्या गाडीवर असा टायर असेल, तर रीमॅपसाठी बाजूला काढलेले पैसे आधी नव्या टायरवर, ब्रेक पॅडवर आणि दर दोन वर्षांनी बदलायच्या ब्रेक ऑइलवर खर्च करा.