मोटारीच्या मागच्या चौकटीचें रबर

आंबोलीजवळ उगम पावलेली हिरण्यकेशी आजऱ्यावरून गडहिंग्लजकडे येते, आणि आंबोलीहून निघालेला रस्ताही बहुतेक तिच्याच सोबतीनें येतो. गेल्या हिवाळ्यांत, ऊसतोडणीच्या दिवसांत, मी एका स्नेह्यांच्या जुन्या दोन आसनी मोटारींतून या रस्त्यानें गडहिंग्लजला परत येत होतों. एका वळणावर समोरून उसानें भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली आली. स्नेह्यांनीं घाईनें गॅसवरचा पाय उचलला. त्याबरोबर गाडीची मागची बाजू कोणी हातानें ढकलावी तशी ट्रॉलीच्या दिशेनें सरकली, आसनामागें 'ठक्' असा आवाज झाला आणि ती पुन्हां जागेवर आली. ट्रॉली निघून गेली. स्नेही हंसून म्हणाले, "जुन्या गाडीचें हें असेंच असायचें." मला मात्र हंसूं आलें नाहीं.

या खोडीसाठीं त्यांनीं आधीं नवे टायर घातले होते, नंतर शॉक ॲब्सॉर्बर बदलले होते आणि पुढच्या चाकांचा रोख दोनदां जुळवून घेतला होता. दोष जेथें होता, तेथें मात्र कोणी दिवा घेऊन पाहिलें नव्हतें. तो कोठें असतो आणि दूर कसा करावा, हें आज सांगावयाचें आहे.

बैलगाडीचा आंस गाडीच्या सांगाड्याला थेट जखडलेला असतो. त्यामुळें चाकाखालचा प्रत्येक दगड बसणाऱ्याच्या कण्याला कळतो. पण आंस कधीं तिरका होत नाहीं. मोटारींत आंस आणि सांगाडा यांच्यामध्यें स्प्रिंगा आल्या. त्यापुढचें पाऊल म्हणजे मागचीं दोन्ही चाकें एकमेकांपासून स्वतंत्र हालणारीं करणें. जाग्वार कंपनीनें १९६१ सालीं जिनीव्हाच्या प्रदर्शनांत आपली ई-टाइप ही गाडी मांडली, तिची मागची रचना या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. चाकांना शक्ति वांटून देणारी डिफरेन्शियलची पेटी, तिला लागूनच ब्रेकच्या तबकड्या, चाकें धरणारे दांडे आणि चार स्प्रिंगा, हा सारा संसार पोलादाच्या एका पिंजऱ्यांत बसविलेला असतो. हीच ती मागची चौकट. ती गाडीच्या अंगाला थेट जोडीत नाहींत. रबराचे चार ठोकळे मध्यें घालून टांगतात. शिवाय दोन्ही बाजूंस एकेक लांब दांडा चाकाकडून पुढें गाडीच्या तळापर्यंत जातो आणि चाकाला मागेंपुढें होऊं देत नाहीं. त्या दांड्यांच्या टोकांनाही रबरी बुश असतात. १९६८ च्या एक्सजे-६ या मोठ्या गाडींतही हीच रचना आली. आमच्या स्नेह्यांची गाडी याच कुळांतली.

रबरच कां, असें कोणी विचारील. दांतेरी चाकांची घरघर आणि रस्त्याचा गुंजारव लोखंडांतून सरळ कानापर्यंत येतो. रबर तो वाटेंतच गिळतें. दाबलें असतां रबर पुष्कळ ताठ राहतें, पण कातर दिली, म्हणजे त्याचे दोन पृष्ठभाग उलट दिशांना सरकविले, कीं तें मऊ पडतें. म्हणून ठोकळ्याचा आकार आणि कल नीट निवडला, तर एकच तुकडा एका दिशेस मऊ आणि दुसऱ्या दिशेस ताठ करतां येतो. या ठोकळ्यांना इंग्रजी व्ही अक्षराचा आकार दिलेला असतो, तो याचसाठीं. हा मऊपणा मोजूनमापून दिलेला असतो आणि गाडीची दिशा त्यावर अवलंबून असते.

आतां हें रबर मेलें म्हणजे काय होतें तें पाहा. चौकट सैल झाली, आणि एका बाजूचें चाक दुसऱ्यापेक्षां अवघें अकरा मिलिमीटर पुढें गेलें, तर सव्वा मीटर रुंदीच्या मागच्या जोडीचा रोख सुमारें अर्धा अंश बदलतो. अर्धा अंश म्हणजे कांहींच नाहीं, असें वाटेल. पण ताशीं साठ किलोमीटर वेगानें जाणारी गाडी तेवढ्यानें दर सेकंदास जवळजवळ पंधरा सेंटिमीटर आडवी सरकूं पाहते. पुढचें चक्र चालकाच्या हातांत आणि मागचें सुकाणू कोणाच्याच हातांत नाहीं, अशी ही अवस्था. गॅस दिला कीं चौकट एकीकडे पिळते, सोडला कीं दुसरीकडे; 'ठक्' हा आवाज त्या पिळण्याचा.

चार्ल्स गुडइयरनें १८३९ मध्यें गंधक व उष्णता यांच्या योगानें रबर टिकाऊ केलें खरें, पण अमर केलें नाहीं. हवेंतला प्राणवायु आणि ओझोन त्याच्या लांबलचक रेणूंच्या सांखळ्या तोडतात. उष्णतेनें हें काम वेगानें होतें, आणि या रचनेंत तर तापणारे ब्रेक चौकटीच्या पोटांतच असतात. डिफरेन्शियलमधून झिरपणारें तेल लागलें कीं रबर फुगून मऊ पडतें. शेंवटीं तें पोलादी पत्र्यापासून सुटतें. गाडी थोडी चालली आहे, म्हणून रबर चांगलें असेल, ही समजूत मुळांतच चुकीची. वीस वर्षें गॅरेजमध्यें झांकून ठेवलेल्या गाडीचें रबरही वीस वर्षांचेंच असतें.

परीक्षा सोपी आहे. ठोकळ्याच्या कडेला दिवा धरून भेगा पाहाव्या, मग चौकट आणि गाडीचें अंग यांच्यामध्यें पहार घालून हलकेंच रेटावें. रबर ताणलें जातांना दिसलें तर ठीक. पत्रा आणि रबर यांच्यामध्यें फट उघडली, तर तो ठोकळा संपला.

बदलण्याच्या कामांत पहिली गोष्ट जिवाची. गाडी मागून उचलून तिचें अंग भक्कम घोड्यांवर ठेवावें, आणि घोडे पुढें जाणाऱ्या त्या दांड्यांच्या जोडापेक्षां पुढें असावेत. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कोणींही शिरूं नये, मग मिस्त्री कितीही जुना असो. नंतर एक्झॉस्ट, प्रॉपेलर शाफ्टचे बोल्ट, हातब्रेकची तार, ब्रेकची रबरी नळी, गाडी कलूं न देणारी दांडी आणि ते दोन लांब दांडे सोडवावे. चौकट जड असते. चाकांचा जॅक तिच्याखालीं लाकडी फळी घालून लावावा आणि दोघांनीं मिळून ती सावकाश खालीं घ्यावी. ठोकळे मग पान्यानेंच निघतात.

दांड्यांतले बुश मात्र घट्ट बसविलेले असतात, आणि येथें पुष्कळांचा धीर सुटतो. ज्वाळेनें रबर जाळून काढण्याची एक वाईट संवय आहे. धूर विषारी, आणि पेट्रोलची टांकी हाताच्या अंतरावर. त्यापेक्षां लेथवर योग्य मापाचीं दोन नळकांडीं वळवून प्रेसनें बुश बाहेर ढकलावा. कोल्हापूरकडे शिरोलीसारख्या ठिकाणीं लेथवर असलें काम करणारे कारागीर आहेत. जुना बुश काढण्याआधीं त्यांतील पोकळ खांचांची दिशा दांड्यावर खडूनें नोंदून ठेवावी. नवा बुश आडवा बसला कीं सारा खटाटोप फुकट. बसवितांना तेल वापरूं नये, साबणाचें पाणी पुरे.

पॉलियुरेथेनचे बुश घ्यावे काय, हा प्रश्न हटकून येतो. ओटो बायर यानें जर्मनींत १९३७ सालीं शोधलेल्या या द्रव्याचे बुश कठीण व दीर्घायु असतात, शर्यतीच्या गाडींत शोभतात. पण रबर पिळलें जाऊन हालचाल देतें. हें द्रव्य बहुधा घासून देतें, म्हणून कधीं कुरकुरतें, आणि घरघर पुन्हां कानांत आणतें. घरच्या गाडीला मी रबरच सुचवीन, मात्र चारी ठोकळे एकदमच बदलावे आणि घेतांना बनावटीची तारीख विचारावी. दुकानांत दहा वर्षें पडलेला 'नवा' बुश नवा नव्हे.

दांड्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेंवटचे आंवळावेत. चाकें लोंबकळत असतांना आंवळले, तर खालीं येतांच रबर कायमचें पिळलेलें राहतें आणि थोड्याच दिवसांत फाटतें. ब्रेकची नळी सोडलेली असल्यानें नळ्यांतली हवाही काढावी लागते. त्यावांचून गाडी दारांतूनही हलवूं नये.

स्नेह्यांच्या गाडीचे डावीकडचे दोन ठोकळे सुक्या खोबऱ्याच्या वाटीसारखे हातांत सुटून आले. उजवीकडचे दोन नुसते भेगाळलेले होते. काम संपल्यावर आम्ही त्याच रस्त्यानें आजऱ्यापर्यंत जाऊन आलों. वळणांत पाय उचलून पाहिला. गाडी आपली रेघ सोडीना. एक बारीकशी खडखड मात्र अद्याप राहिली होती. ती एक्झॉस्टच्या टांगणीची निघाली. तेंही रबरच.