काखेतला घाम: डॉक्टरांकडे गेल्यावर नेमकं काय होतं?

जानेवारीत कोल्हापूरच्या आसपास गुऱ्हाळं पेटलेली असतात. काहिलीत रस उकळत असतो आणि शेजारी उभा असलेला गुळव्या घामानं निथळत असतो. त्याला कुणी दवाखान्यात जा म्हणत नाही, आणि जायची गरजही नाही. जाळासमोर अंग थंड ठेवण्यासाठीच तो घाम येतो. त्याच जानेवारीत, त्याच थंडीत, शाहूपुरीतल्या एखाद्या ऑफिसात पंखा बंद असताना कुणाच्या तरी शर्टाच्या दोन्ही काखा ओल्याचिंब होतात. ती व्यक्ती मग दिवसभर हात अंगाला चिकटवून बसते आणि वरच्या कप्प्यातली फाइल दुसऱ्याला काढायला सांगते.

हा दुसरा घाम म्हणजे आजार. वैद्यकात त्याला हायपरहायड्रोसिस म्हणतात. यात घामाच्या ग्रंथी निरोगी असतात, संख्येनंही जास्त नसतात. अंग थंड करायची गरज नसताना मज्जातंतूंकडून ‘घाम सोडा’ असा निरोप त्यांना जात राहतो, एवढाच बिघाड. त्यावर उपचार आहेत, आणि पहिला उपचार तर फारसा महागही नाही. तरी लोक वर्षानुवर्षं डॉक्टरांची पायरी चढत नाहीत, कारण वाटेत गैरसमज आडवे येतात.

‘नीट अंघोळ केली की थांबतं’

थांबत नाही. ताज्या घामाला जवळपास वास नसतो. काखेत दोन प्रकारच्या ग्रंथी असतात. एक्रिन ग्रंथी पाण्यासारखा पातळ घाम सोडतात आणि शर्ट भिजतो तो मुख्यतः यांच्यामुळे. वयात आल्यावर जाग्या होणाऱ्या अपोक्राइन ग्रंथी थोडा, पण दाट स्राव सोडतात. कातडीवरचे जिवाणू त्याचं विघटन करतात, तेव्हा वास येतो. साबणानं जिवाणू कमी होतात, म्हणून वास कमी होतो. घामाचा नळ मात्र चालूच राहतो. अशा माणसांना अस्वच्छ म्हणणं तर फारच अन्यायाचं, कारण दिवसातून दोनदा अंघोळ करणारे, पिशवीत जादा शर्ट ठेवणारे आणि ब्लाऊजला काखेत अस्तराचा जादा तुकडा लावून घेणारे बहुतेक हेच असतात.

डिओच्या बाबतीतही हाच घोळ. डिओडरंट वास झाकतो, घाम थांबवत नाही. घाम कमी करणाऱ्या उत्पादनाला अँटीपर्स्पिरंट म्हणतात. बाटलीमागच्या बारीक अक्षरांत अॅल्युमिनियमचा क्षार असेल तर ते अँटीपर्स्पिरंट, नाहीतर नुसतं अत्तर. न्हाव्याकडची तुरटी हाही अॅल्युमिनियमचाच क्षार. ती वास थोडा वेळ आवरते, पण धार लागलेल्या घामापुढे तिचं काही चालत नाही. लिंबू आणि खायचा सोडा चोळून मात्र काखेची नाजूक कातडी भाजून निघते, ते करूच नका.

‘अंगात उष्णता आहे’, ‘अशक्तपणा आहे’

सब्जा, गुलकंद, ताक जरूर घ्या, चवीसाठी घ्या. या घामाशी त्यांचा संबंध नाही. ‘अशक्तपणा’ म्हणून सलाईन लावून घेण्याचाही नाही. तांबडा रस्सा ओरपताना कपाळावर दरदरून घाम येतो, तो तिखटातल्या कॅप्सेसिनमुळे. ते जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या संवेदकांना फसवतं. जेवण संपलं की तो घामही संपतो. त्यासाठी रस्सा सोडायला सांगणारा सल्ला कोल्हापुरात तरी कुणी पाळणार नाही, आणि पाळून फायदाही नाही.

‘बोर्डावर गुप्तरोग लिहिलंय, तिथं कसं जायचं?’

ही अडचण बोलून कुणी दाखवत नाही, पण ती खरी आहे. आपल्याकडे त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग हे तिन्ही विषय एकाच पदव्युत्तर शिक्षणात येतात. म्हणून डॉक्टरांच्या पाटीवर आणि इस्पितळाच्या विभागावर तिन्ही नावं एकत्र दिसतात. त्या दारासमोर ओळखीचं कुणी भेटलं तर काय वाटेल, या धास्तीनं लोक मेडिकलमधून ट्यूब घेऊन परत फिरतात. कोल्हापुरात सीपीआरच्या, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या ओपीडीत केसपेपर काढा, कदमवाडीच्या डी. वाय. पाटील रुग्णालयात जा किंवा खासगी त्वचारोगतज्ज्ञ गाठा. या तक्रारीसाठी दार तेच आहे. बाकावर शेजारी बसलेल्यांपैकी बहुतेकांना नायटा, खरूज, मुरुम किंवा केस गळण्याची तक्रार असते.

आत गेल्यावर सुरुवातीचा बराच वेळ प्रश्नांत जातो. कधीपासून? दोन्ही काखांत सारखाच का? आठवड्यातून किमान एकदा तरी होतं का? घरात आणखी कुणाला आहे का? कामात अडथळा येतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: झोपेत घाम येतो का? सहा महिन्यांहून अधिक काळ, दोन्ही बाजूंना सारखा, पंचविशीच्या आत सुरू झालेला, घराण्यात असलेला आणि झोपेत थांबणारा घाम असेल तर निदान जवळपास तिथंच होतं. रक्ताच्या चाचण्यांची यादी हातात मिळाली नाही म्हणून डॉक्टरांनी नीट पाहिलं नाही, असं समजू नका. त्रास किती, हे मोजायला चार पायऱ्यांची एक साधी मोजपट्टीही वापरतात. घाम जाणवतच नाही, ही पहिली पायरी. सहन होतो पण कधीकधी आड येतो, ही दुसरी. जेमतेम सहन होतो आणि वारंवार आड येतो, ही तिसरी. सहनच होत नाही आणि कायम आड येतो, ही चौथी. तिसरी-चौथी पायरी म्हणजे त्रास तीव्र. इथं भिडेखातर ‘चालतंय तसं’ म्हणू नका, कारण उपचार किती जोरकस हवा हे त्या उत्तरावर ठरतं.

उलट काही उत्तरं ऐकून डॉक्टर सावध होतात. रात्री अंथरूण भिजतं, वजन उतरतंय, संध्याकाळी ताप येतो, खोकला दोन आठवड्यांहून जास्त आहे, असं असेल तर आधी क्षयरोग आहे का ते पाहावं लागतं. त्याचे उपचार सरकारी योजनेत मोफत आहेत. हात थरथरणं, धडधड, भूक असूनही बारीक होणं, हे थायरॉइडकडे बोट दाखवतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला अचानक घाम फुटला तर साखर उतरलेली असू शकते. नैराश्यावरच्या काही औषधांनीही घाम वाढतो, म्हणून चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. मात्र छातीत दुखून घाम फुटला तर त्वचेच्या ओपीडीची वाट न धरता थेट अपघात विभागात जा.

‘औषध लावून पाहिलं, गुण नाही’

या तक्रारीत औषधापेक्षा घड्याळाचा दोष जास्त असतो. पहिला उपचार म्हणजे अॅल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण, साधारण १० ते २० टक्क्यांचं. लोक ते सकाळी अंघोळीनंतर, बस पकडायच्या घाईत, दमट काखेत लावतात. तोवर घाम सुरू झालेला असतो. औषध धुऊन जातं, आणि पाण्याशी संयोग होऊन त्यातून आम्ल तयार होतं, ते चुरचुरतं. दोन दिवसांत काख लाल होते आणि बाटली कपाटात जाते.

ते लावायचं रात्री. झोपेत या आजारातला घाम थांबतो, त्यामुळे औषधाला घामाच्या नळीत उतरायला वेळ मिळतो. तिथं क्षाराचं आणि घामातल्या घटकांचं मिळून बूच बसतं. काख धुऊन पूर्ण कोरडी करा, हवं तर पंख्यासमोर पाच मिनिटं हात वर करून बसा (घरचे हसतील, हसू द्या), मग पातळ थर लावा आणि सकाळी धुऊन टाका. काखेतले केस त्याच दिवशी वस्तऱ्यानं काढले असतील तर त्या रात्री लावू नका. सुरुवातीला रोज, डॉक्टर सांगतील तितके दिवस. घाम आटोक्यात आला की आठवड्यातून एक-दोनदा पुरतं. आग झाली तर एक रात्र सोडा. गरज पडल्यास डॉक्टर थोड्या दिवसांसाठी सौम्य स्टिरॉइड मलम देतात.

‘सौम्य’ आणि ‘डॉक्टर देतात’ हे दोन्ही शब्द महत्त्वाचे. पावसाळ्यात दमट काखेत नायटा होतो आणि दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ येते. तिच्यात अनेकदा कडक स्टिरॉइड मिसळलेलं असतं. खाज दोन दिवसांत थांबते, नायटा मात्र आत पसरत राहतो आणि काखेच्या पातळ कातडीवर कायमचे चरे उमटतात. अशी ट्यूब लावली असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

‘घाम कोंडला की विष साठतं, कॅन्सर होतो’

तालमीत घाम गाळून माणूस घडतो, हे कोल्हापूरला कुणी सांगायला नको. पण घामातून शरीराची घाण जाते, हे त्याला चिकटलेलं शेपूट खोटं आहे. घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी आणि थोडं मीठ. विषारी द्रव्यं निपटण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडांचं. शरीरातल्या एकूण घामग्रंथी २० ते ४० लाख, त्यातल्या काखेत अगदी थोड्या. तिथला घाम कमी झाला म्हणून अंग तापत नाही.

स्तनाच्या कॅन्सरची भीती जास्त खोल आहे, विशेषतः बायकांमध्ये. अमेरिकेत सिएटलच्या संशोधकांनी २००२ साली स्तनाचा कॅन्सर झालेल्या ८१३ आणि न झालेल्या ७९३ स्त्रियांची तुलना केली. अँटीपर्स्पिरंट वापरण्याचा, अगदी काखेतले केस काढून लगेच लावण्याचाही, कॅन्सरशी संबंध त्यांना आढळला नाही. काखेत गाठ लागली तर ती तपासून घ्यायचीच. पण दोष बाटलीवर टाकून तपासणी टाळायची नाही.

‘बोटॉक्स म्हणजे नट्यांचं काम’

अॅल्युमिनियम क्लोराइडच्या द्रावणानं भागलं नाही तर पुढची पायरी बहुधा बोटॉक्सच्या इंजेक्शनची. हे औषध १९८९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं ते तिरळेपणा आणि पापण्यांच्या आचक्यांसाठी, सुरकुत्यांसाठी नव्हे. काखेच्या तीव्र घामासाठी त्याला तिथं २००४ मध्ये मान्यता मिळाली. मज्जातंतूच्या टोकातून अॅसिटिलकोलिन बाहेर पडतं, त्यातून ग्रंथीला निरोप पोहोचतो. बोटॉक्स ते बाहेर पडूच देत नाही.

प्रत्यक्षात काय होतं? कुठं टोचायचं हे ठरवायला डॉक्टर अनेकदा आयोडीन-स्टार्चची चाचणी करतात. काखेला आयोडीन फासतात, वाळू देतात, वरून मक्याच्या पिठासारखी पूड भुरभुरतात. थोड्या वेळात जिथं घाम येतो तिथं जांभळट-काळे ठिपके उमटतात आणि बघता बघता एकमेकांत मिसळतात. त्या डागावर पेनानं खुणा करून सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरच्या अंतरानं १० ते १५ बारीक टोचण्या, दर काखेला एकूण ५० युनिट. काखेत तळहातापेक्षा कमी दुखतं. आधी सुन्न करणारं मलम किंवा बर्फ लावता येतो. भरती व्हावं लागत नाही. गुण आठवड्याभरात दिसू लागतो आणि साधारण सहा महिने, कुणाला कमी, कुणाला जास्त टिकतो. मग मज्जातंतूंना नवे फाटे फुटतात आणि घाम परततो. औषध फसलं असा याचा अर्थ नाही, पण खर्च पुन्हा करावा लागतो हे आधीच धरून चाला. गरोदरपणात, अंगावर पाजत असताना किंवा मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असताना ते टाळतात.

गोळ्याही आहेत: ऑक्सिब्युटिनिन, ग्लायकोपायरोलेट. त्या सगळ्या अंगाचा घाम कमी करतात, आणि तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठता, लघवी अडणं, धूसर दिसणं हेही सोबत आणतात. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी सांगा. इचलकरंजीच्या मागावर वैशाखात उभा राहणारा कामगार किंवा भर उन्हात भांगलणारी बाई या गोळ्या घेत असेल तर उष्माघाताचा धोका वाढतो, कारण इथं गरजेचा घामही थांबतो. पाण्यात सौम्य वीजप्रवाह सोडून करायचा उपचार तळहात-तळपायांना चांगला, काखेत तो गैरसोयीचा. सूक्ष्मलहरींनी ग्रंथी जाळणारं यंत्रही निघालंय, त्याला अमेरिकेत २०११ पासून मान्यता आहे. पण ते सगळीकडे नसतं.

छातीत दुर्बीण घालून मज्जातंतू तोडायची शस्त्रक्रिया फक्त काखेसाठी सहसा करत नाहीत. तिच्यानंतर पाठ, पोट, मांड्यांवर भरपाईचा घाम सुरू होऊ शकतो, आणि तोडलेला तंतू पुन्हा जोडता येत नाही. कुणी पहिल्याच भेटीत ही शस्त्रक्रिया सुचवली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. बोटॉक्सही पार्लरमध्ये स्वस्तात होतंय म्हणून करू नका. इंजेक्शन स्वतः डॉक्टर देणार का, कोणत्या कंपनीचं, किती युनिट आणि कुपी समोर उघडणार का, हे चार प्रश्न आधी विचारा आणि बिलावर युनिट लिहून घ्या.