स्प्लिट कीबोर्ड बनवण्याआधी हाताकडे एकदा नीट पाहा

दिवसभर टायपिंग करणारे काही जण आता नेहमीचा कीबोर्ड सोडून दोन वेगळ्या भागांचा, म्हणजे ‘स्प्लिट’ कीबोर्ड वापरू लागले आहेत. त्यातले हौशी लोक तो स्वतःच बनवतात. सर्किट बोर्ड मागवतात, स्विच सोल्डर करतात, थ्रीडी प्रिंटरवर केस तयार करतात आणि दोन्ही भागांत छोटी बॅटरी घालून तो ब्लूटूथवर चालवतात. छंद म्हणून हे उत्तमच आहे. पण मनगट दुखते किंवा बोटांना मुंग्या येतात म्हणून तुम्ही हा खटाटोप करणार असाल, तर आधी नेमके कुठे आणि कधी दुखते ते पाहा. काही तक्रारी अशा कीबोर्डने कमी होतात, काहींना त्याचा उपयोग नसतो, आणि नस दाबली जात असेल तर कीबोर्ड तयार होईपर्यंत वाट पाहणे महागात पडू शकते.

या कीबोर्डने हाताच्या स्थितीत काय बदलते?

लॅपटॉपवर दोन्ही हात ठेवा आणि मनगटाकडे पाहा. खांद्यांपासून हात तिरके आत येतात, पण बटणांच्या ओळी सरळ असतात. त्यामुळे मनगटापाशी पंजा करंगळीच्या बाजूला वळवावा लागतो. तळहात पालथा ठेवण्यासाठी कोपरापुढचा हात पिळल्यासारखा फिरतो. शिवाय कीबोर्डचे मागचे पाय उघडले असतील तर मनगट वरच्या बाजूला वाकते. मनगट असे वाकले की त्यातल्या अरुंद बोगद्यातला दाब वाढतो, आणि मीडियन नर्व्ह ही नस त्याच बोगद्यातून जाते.

कीबोर्डचे दोन भाग खांद्यांच्या रुंदीइतके दूर ठेवले की पंजा सरळ राहतो. दोन्ही भागांच्या आतल्या कडा थोड्या उचलल्या की हाताचा पीळ कमी होतो. ही कल्पना जुनी आहे. कार्ल क्रोमर या संशोधकाचा यावरचा निबंध 1972 मध्ये आला, आणि मायक्रोसॉफ्टचा ‘नॅचरल कीबोर्ड’ 1994 मध्ये बाजारात आला. वायरलेस असण्याचा फायदाही इथेच आहे. मध्ये वायर असली की तिची लांबी पुरेल तेवढेच भाग दूर जातात.

मात्र स्थिती सुधारली म्हणजे आजार बरा झाला, असे नाही. कार्पल टनेल सिंड्रोमसाठीच्या अशा साधनांचा 2012 मध्ये कॉक्रेन संस्थेने आढावा घेतला. अभ्यास थोडे आणि लहान निघाले, आणि ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा मिळाला नाही. म्हणून कामाच्या शेवटी हात भरून येणे, मनगटाच्या कडेला ताण जाणवणे, खांदे आवळल्यासारखे होणे यांसाठी मी स्प्लिट कीबोर्ड वापरून पाहायला सांगतो. मुंग्यांवरचा उपचार म्हणून सांगत नाही.

तुमची तक्रार कोणती?

अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, रात्री झोपेतून जाग येते, हात झटकला की बरे वाटते: ही कार्पल टनेलची ओळखीची लक्षणे आहेत. यात टायपिंगला एकट्याला दोष देऊ नका. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गरोदरपण आणि संधिवातातही हा त्रास होतो. कित्येकदा मुंग्यांची तक्रार घेऊन आलेल्या माणसाची साखर वाढलेली निघते. सुरुवातीच्या टप्प्यात रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा काही आठवडे बांधल्याने अनेकांना आराम पडतो, आणि तो कीबोर्डपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. (तपासणी न करता बी-बाराची इंजेक्शने घेत राहणे हा मात्र उपचार नव्हे.)

करंगळी आणि तिच्या शेजारच्या अर्ध्या बोटाला मुंग्या येत असतील तर नस बहुधा कोपरापाशी दाबली जाते. टेबलाच्या कडेवर किंवा खुर्चीच्या हातावर कोपर टेकण्याची सवय आधी बदला. दुखणे मानेतून हातात उतरत असेल तर मानेची तपासणी हवी.

मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला, विशेषतः बाळाला किंवा भरलेले पातेले उचलताना कळ येत असेल, तर जरा थांबा. हौशी स्प्लिट कीबोर्डमध्ये स्पेस, एंटर, बॅकस्पेस अशी बरीच कामे अंगठ्यावर टाकलेली असतात. अंगठ्याच्या स्नायुबंधांना आधीच सूज असेल तर हा कीबोर्ड दुखणे वाढवील.

हातातून वस्तू निसटणे, शर्टाचे बटण लावता न येणे, अंगठ्याखालचा तळहाताचा मांसल भाग चपटा दिसणे, यांपैकी काहीही असेल तर सुटे भाग मागवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. नसेची तपासणी करावी लागेल. झिजलेला स्नायू नेहमीच पूर्ववत होतो असे नाही. हात अचानक लुळा पडला आणि सोबत तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात असू शकतो. एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठा.

बनवायचाच असेल तर

कोऱ्या कागदावर हात सैल ठेवून बोटांच्या टोकांवर खुणा करा. करंगळी किती खाली येते ते दिसेल, आणि बटणांचे उभे स्तंभ त्याप्रमाणे वरखाली ठेवता येतील. आराखडा खऱ्या मापात छापून त्यावर दोन-तीन दिवस बोटे फिरवून पाहा. नेहमीच्या कीबोर्डमध्ये दोन बटणांच्या मध्यांमध्ये 19.05 मिलिमीटर अंतर असते. बुटक्या ‘चॉक’ स्विचसाठी आडवे 18 आणि उभे 17 मिलिमीटरही ठेवतात, आणि लहान हातांना ते सोयीचे जाते. कीबोर्ड जितका बुटका, तितके मनगट कमी वाकते. आतली कडा सुरुवातीला 10 ते 15 अंशच उचला.

इन्स्क्रिप्टमध्ये मराठी टाइप करणाऱ्यांसाठी एक सूचना. या रचनेत स्वर डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजवीकडे असल्याने दोन भाग तिला शोभतात. पण ‘ड’ उजव्या टोकाला चौकटी कंसाच्या बटणावर आहे, आणि क्ष, ज्ञ, त्र, श्र ही अक्षरे आकड्यांच्या ओळीत शिफ्टसह येतात. लोकप्रिय ‘कॉर्न’ आराखड्यात 42 बटणे असतात, आकड्यांची ओळ नसते. मग ही अक्षरे दुसऱ्या थरात जातात आणि दर वेळी अंगठ्याने एक बटण दाबून धरावे लागते. मराठीत रोज लिहिणाऱ्यांनी आकड्यांची ओळ असलेलाच आराखडा निवडावा.

सोल्डरिंग खिडकीपाशी करा. धूर मुख्यतः फ्लक्सचा असतो आणि दमा असलेल्यांना तो त्रासदायक ठरतो. शिशाचे सोल्डर वापरले तर शिसे बोटांवरून तोंडात जाऊ शकते, म्हणून काम चालू असताना चहा-बिस्किटे नकोत आणि नंतर हात साबणाने धुवा. घरात गरोदर स्त्री किंवा लहान मूल असेल तर शिसेविरहित सोल्डर आणा आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर हे काम करू नका. लिथियम पॉलिमर बॅटरी संरक्षक सर्किट असलेलीच घ्या. जोडण्यापूर्वी अधिक-उणे टोके मल्टिमीटरने तपासा, स्क्रूची टोके तिच्यात घुसणार नाहीत हे पाहा, आणि फुगलेली बॅटरी वापरू नका.

ब्लूटूथच्या लहरींची काळजी काही जण करतात. या कीबोर्डची प्रक्षेपणशक्ती 10 मिलीवॅटच्याही आत असते, त्यामुळे भीतीचे कारण नाही. पेसमेकर असलेल्यांनी मात्र कीबोर्ड तिरपा ठेवण्यासाठी लावलेली जोरदार चुंबके छातीपासून किमान 15 सेंटिमीटर दूर ठेवावीत.

वापर सुरू करताना

पहिले काही आठवडे टायपिंगचा वेग बराच कमी होतो. चुका होतात, माणूस बोटे ताठ करून जोरात बटणे दाबतो आणि हात आणखी दुखतो. म्हणून सुरुवातीला दिवसातून दोन वेळा वीस-वीस मिनिटेच वापरा, बाकी काम जुन्या कीबोर्डवर करा. कामाची अंतिम तारीख तोंडावर असताना बदल करू नका. माउस दोन भागांच्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवून पाहा, खांद्याला बरे वाटते. चार ते सहा आठवड्यांत दुखणे कमी झाले नाही, किंवा मुंग्या वाढल्या, तर आराखड्यात पुन्हा फेरफार करत बसू नका. तपासणीला या, आणि येताना कीबोर्डवर हात ठेवलेला बाजूने व वरून काढलेला फोटो घेऊन या.