जर्मन बोलीची शिदोरी

परदेशी निघालेला मनुष्य लोकरीचे कपडे, लोणची, औषधे यांची तयारी महिनाभर आधीपासून करतो. भाषेची मात्र करीत नाही. ‘इंग्रजी येते, तेवढ्यावर निभेल,’ अशी त्याची समजूत असते. मुलासुनेकडे जर्मनीस जाणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींचीही पुष्कळदा तीच. मोठ्या शहरांत तसे निभतेही. परंतु लहान गावातील स्टेशनावर किंवा औषधाच्या दुकानात एकट्याने उभे राहण्याची वेळ आली, म्हणजे घरून शिकून नेलेली दहावीस वाक्येच कामास येतात. ती शिकताना एक पथ्य पाळावे : जर्मनकडे इंग्रजीवरून न जाता मराठीवरून जावे.

प्रथम उच्चार घेऊ. रोमन लिपीतील शेवटचे अक्षर ‘झेड’. जर्मन मनुष्य त्याचा उच्चार ‘त्स’ करतो. हा आपल्या ‘चोर’ शब्दातला च. ‘त्सूक’ म्हणजे आगगाडी, ‘त्सेन’ म्हणजे दहा. इंग्रजी वळणाच्या जिभेला हा वर्ण अवघड, आपल्याला तो जन्मजात.

आता अंक. सत्तावीसला जर्मनमध्ये ‘झीबन-उन्ट-त्स्वान्त्सिश’, म्हणजे ‘सात आणि वीस’ म्हणतात. आपल्या सत्तावीसातही सात आधी, वीस नंतर. इंग्रजीच्या सवयीने ऐकता ऐकता अंक मांडणारा मात्र सत्तावीसाचे बहात्तर करून बसतो.

खरी कसोटी वेळेची. गाडी ‘हाल्प द्राय’ला आहे, असे कोणी सांगितले. ‘हाल्प’ म्हणजे अर्धा, ‘द्राय’ म्हणजे तीन. इंग्रजी बोलीत ‘हाफ थ्री’ म्हणजे साडेतीन. त्या हिशेबाने जो जाईल, त्याची गाडी तासापूर्वीच सुटलेली असेल! कारण जर्मन अर्थ आहे ‘तिसऱ्याचा अर्धा’, म्हणजे अडीच. आणि आपला ‘अडीच’ हा शब्द तरी कोठून आला? संस्कृत ‘अर्धतृतीय’ यातून. तिसरा अर्धाच झालेला, तो अडीच. तरीही शंका उरल्यास कागद पुढे करून ‘श्रायबन झी एस, बिटे’, म्हणजे ‘कृपया लिहून द्या,’ असे म्हणावे. लेखी उत्तर १४.३० असे मिळेल व घोटाळा टळेल.

शेवटी शिष्टाचार. परक्या प्रौढ माणसास ‘झी’, घरच्यांस व मुलांस ‘डू’. आपल्या तुम्ही आणि तू यांचाच हा भेद. ‘बिटे’ म्हणजे कृपया, ‘डांके’ म्हणजे आभार. मात्र कोणी कॉफी पुढे केली असता नुसते ‘डांके’ म्हटल्यास ‘नको’ असा अर्थ घेतला जाण्याचा संभव असतो. हवी असल्यास ‘या, बिटे’ म्हणावे. नाही तर आभार मानूनही कॉफीवाचून राहावे लागेल.

एवढी शिदोरी बांधण्यास रोजची पंधरा मिनिटे पुरतात. तिने कोणी जर्मन पंडित होणार नाही; परंतु परक्या गावी प्रत्येक लहानसहान गोष्टीसाठी मुलाच्या तोंडाकडे पाहण्याची पाळी येणार नाही.